मावशीसाठी काढलेल्या खोल्या

४ जानेवारी

प्रिय खारू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे फोडलंच नसतंस, म्हणून पत्ता नर्सबाईंकडून लिहून घेतला. पहिल्याच ओळीत लबाडी कबूल केली आहे, तेव्हा आता पुढचं वाच.

मावशी पडली. घाबरू नकोस, तीन आठवडे झाले त्याला. न्हाणीघरातून बाहेर येताना पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, एकोणऐंशीच्या मानाने हाड चिवट आहे. त्यावर मावशी म्हणाली, "नुसतं हाड नाही, अख्खी बाईच चिवट आहे. तसं लिहा कागदावर." आता ती घरी आहे. दिवसा नर्सबाई असतात, बाकी वेळ मी. मी भाड्याची खोली सोडली आणि ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कपडे असं सगळं बिऱ्हाड घेऊन तिच्याकडे राहायला आले.

तुला फोन केला होता, चार वेळा. चौथ्या वेळी लक्षात आलं की माझा नंबर तुझ्याकडे लागतच नाही. मला नवल वाटलं नाही.

मावशीचं दुखणं आता पायाचं कमी आणि दिवसाचं जास्त आहे. तुला माहीत नसेल, पण समोरची भिंत उठल्यापासून ती सकाळी नऊला डबा घेऊन निघायची आणि वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची, दिवे लागेपर्यंत. सुट्टीच्या दिवशी बागेतल्या बाकावर. अशी आठ वर्षं. लोक म्हणायचे, म्हातारीला वाचनाचं काय वेड! वेड होतंच, पण घरात वाचता येत नाही हे ती कोणाला सांगायची नाही. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेली बाई ती. ट्यूबलाइटखाली तिला अक्षर टोचतं. आता बाहेर पडता येत नाही, म्हणून दिवसभर ती या घरात. पलंगावरून बाल्कनीचं दार दिसतं आणि दारातून भिंत. सहा फुटांवर. भर दुपारीसुद्धा खोलीत दिवा लावावा लागतो.

काल मी विचारलं, "कंटाळा आला का गं?"

"आला. तू काय करणार?"

"काय करू सांग."

"तुला एकच गोष्ट येते, तीच कर. मला एखादी खोली काढून दे. कुठेच नसलेली. म्हणजे तिच्यासमोर कोणी भिंत तरी बांधणार नाही."

हसत म्हणाली. मीही हसले आणि बोर्ड मांडला.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. मावशीची खबर तुला असायला हवी.

तुझी
ताई


१९ जानेवारी

खारू,

मावशी वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत गेली आणि परत आली. येताना नर्सबाईंना म्हणाली, "अहो, हात सोडा. तुम्हीच माझ्या आधाराने चालताय." नर्सबाई हसून हसून भिंतीला टेकल्या.

आता खोल्यांचं सांगते. इतकं खडूस गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. पहिली मागणी होती वाट बघायच्या खोलीची. मी हाताच्या सवयीने काढली. लांबलचक पॅसेज, त्याच्या टोकाला बरोब्बर मधोमध दार, भिंतींच्या, छताच्या, फरशीच्या सगळ्या रेषा त्या दारावर जाऊन मिटलेल्या, बाजूला एक बाक. मला वाटलं, साधलं. मावशीने चष्मा पुसला, कागद हातभर लांब धरला आणि म्हणाली, "हा दवाखाना आहे. इथे माणूस वाट बघत नाही. इथे माणूस निकाल ऐकायला बसतो."

"मग काय बदलू?"

"ते तू बघ. मी चूक दाखवणार. दुरुस्ती खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने करायची असते."

दोन दिवस मी त्या कागदाकडे बघत बसले. मग कळलं. माझी नजरेची रेषा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होती, आणि वाट बघणारा माणूस बसलेला असतो. रेषा खाली आणली, बाकावर बसलेल्याच्या डोळ्यांशी. लगेच छत वर गेलं, बाकाचा हात मोठा झाला, फरशी जवळ आली. मग रेषा जिथे मिटतात तो बिंदू दारावरून काढला आणि डावीकडच्या खिडकीत नेला. दार उजव्या कडेला ठेवलं, अर्धंच दिसेल असं, किंचित उघडं. आता नजर खिडकीकडे ओढली जाते आणि कान दाराशी राहतात. बाकावरचं छत थोडं खाली घेतलं, माणसाला उगीच उघड्यावर बसल्यासारखं वाटू नये म्हणून.

मावशीने बराच वेळ बघितलं. "हं," म्हणाली, "इथे कोणीतरी येईल."

खारू, तीस वर्षं मी बिल्डरांसाठी पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे न बांधलेल्या घरांची चित्रं, काढली. दहा बाय बाराची खोली दिवाणखान्यासारखी कशी दिसेल, एवढंच बघितलं. बघणाऱ्याला गुपचूप भिंतीपलीकडे नेऊन उभं करायचं, तिथून खोली ऐसपैस दिसते. खऱ्या घरात त्या जागी शेजाऱ्याचं न्हाणीघर असतं. आत बसलेल्या माणसाला काय वाटेल, हे कोणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

दुसरी मागणी: रागवायची खोली. "कोणावर रागवायचंय?" विचारलं तर म्हणे, "आधी खोली होऊ दे, मग बघू." मी बुटकी, अंगावर येणारी खोली काढली. नापास. "अगं, ठेंगण्या खोलीत राग डोक्यातच घुमत राहतो. त्याला उंची दे." मग तीन मजले उंच खोली काढली, जमिनीवर बसून वर बघितल्यासारखी. चारही भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि अगदी वर एक चौकोनी झरोका. नर्सबाई म्हणाल्या, ही तर विहीर झाली. मावशी म्हणाली, "असू दे. इथे ओरडलं तर ऐकूही येईल आणि निघूनही जाईल." तो कागद तिने पलंगाशेजारी लावून घेतला आहे.

दोन्ही खोल्यांत माणसं नाहीत. ती मला कधी जमली? माझी माणसं मिटून ठेवलेल्या छत्र्यांसारखी दिसतात, असं तूच म्हणायचीस.

ताई


२ फेब्रुवारी

खारू,

परवा मावशीने वेगळीच जागा मागितली. "छापखान्यात माझ्या टेबलाखाली खारी बसायची, ती जागा काढ."

तुला आठवत असेलच. आई गेल्यावर मावशीने आपल्याला आणलं, तेव्हा मी अकराची आणि तू पाच वर्षांची. शाळा सुटली की आपण तिच्या छापखान्यात जायचो. मी खिडकीशी गृहपाठ करायचे, आणि तू थेट प्रुफांच्या टेबलाखाली, कागदाच्या कातरणांत घर करून. मावशी वरून म्हणायची, "खारूताई, आहेस का गेलीस?" आणि खालून आवाज यायचा, "गेले." मला तेव्हापासून फूटपट्टी म्हणतात ते मी गृहपाठात समास आखायचे म्हणून.

जागा खरी आहे, पण मी त्या टेबलाखाली एकदाही शिरले नव्हते. त्यामुळे मला ती कल्पनेनेच काढावी लागली. नजरेची रेषा जमिनीपासून दीड फुटावर आणली. इतक्या खाली मी आयुष्यात कधी गेले नव्हते. टेबलाची पाटी म्हणजे छत झालं, पाय म्हणजे खांब. मावशीच्या चपला समोर, दोन होड्या लावल्यासारख्या. पलीकडे यंत्राचं चाक, ते तर डोंगराएवढं. आणि सगळ्या रेषा यंत्राच्या पायांमधून मागच्या उघड्या दाराकडे जातात, तिथे उजेडाचा एक चौकोन. काढताना माझं मलाच कळेना की ही जागा सुरक्षित वाटते की एकटी. दोन्ही वाटतं. ते मी तसंच ठेवलं.

मावशीने कागद मांडीवर घेतला आणि त्यावर पंजा ठेवला.

"हिला इथून सगळं एवढं मोठं दिसायचं?"

"बहुतेक."

"मी कधी वाकून बघितलं नाही." मग म्हणाली, "तिने असं का केलं गं, फूटपट्टी? चित्रं द्यायला रोज त्या बिल्डरच्या ऑफिसात जायची. भिंतीचं तिला माहीत नसेल कसं? एक शब्द बोलली असती तर मी काय खाल्लं असतं तिला?"

गॅसवर दूध होतं, ते उतू जाईल म्हणून मी उठले.

मावशीचा पाय आता चांगला वाकतो. गोळ्या वेळेवर घेते. रक्तदाब ठीक आहे.

ताई

ता. क. गॅसवर दूध नव्हतं.


१४ फेब्रुवारी

खारू,

तुझं कार्ड आलं. आठ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. तीन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. "मावशीला सांगितलंस का?"

नाही सांगितलं.

हे लिहिण्याआधी चार पानं लिहिली होती, ती फाडली. त्यांत बिल्डर होता, कामाची ददात होती, तेव्हाची माझी पाठदुखीसुद्धा होती. सगळे साक्षीदार हजर, फक्त आरोपी गैरहजर. आता सरळ लिहिते. तुला वाटत असेल की तुला सगळं ठाऊक आहे. सगळं ठाऊक नाही.

या इमारतीच्या जाहिरातीसाठी बाल्कनीचं ते चित्र आपण दोघींनी केलं. रेषा माझ्या, रंग आणि माणसं तुझी. बाल्कनीत वाचत बसलेली बाई तू काढलीस आणि गंमत म्हणून तिला मावशीचा अंबाडा दिलास, मावशीचा चष्मा दिलास. मावशी आपल्याकडे आली, टेबलावरचं चित्र बघून म्हणाली, "ही मी की काय?" आणि तिने चष्मा काढून डोळे पुसले. पुढच्याच आठवड्यात तिने हे घर बघायचं ठरवलं.

त्याच्या तीन आठवडे आधी तू तापाने झोपून होतीस, आठवतं? तेव्हा बिल्डर स्वतः आला होता, शेजारच्या प्लॉटचा नकाशा घेऊन. तिथे सात मजले उठणार होते, मधे सहा फुटांची जागा सोडून. त्या इमारतीचंही बाहेरून दिसणारं चित्र त्याला हवं होतं. मी रेषा पूर्ण केल्या. ते बघून तो म्हणाला, "ताई, छान झालंय, पण हे तूर्त ठेवून द्या. आधी ही इमारत विकली जाऊ दे. आणि त्या बाल्कनीतलं आकाश जरा सढळ हाताने दाखवा." तो कागद मी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवला. तू बरी झाल्यावर तुला दाखवला नाही, कारण दाखवला असता तर तू ब्रश खाली ठेवला असतास.

मावशीने मला विचारलं होतं, "फूटपट्टी, समोर काय आहे?" मी म्हटलं, "मोकळं आहे." मग तिने तुलाही विचारलं. तू ऑफिसात चौकशी केलीस आणि त्यांनी जे सांगितलं ते तिला सांगितलंस. तू खरं बोललीस, मी खोटं बोलले, आणि दोघींचं उत्तर एकच होतं.

का बोलले? काम जाईल ही भीती होती. पण तेवढंच असतं तर मी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं असतं. खरी गोष्ट ही की, माझं चित्र बघून कोणाच्या डोळ्यांत असं पाणी आलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. मावशी त्या बाल्कनीत जाऊन बसली होती, खारू. कागदावरच्या बाल्कनीत. तिला तिथून उठवायला माझी जीभ रेटली नाही. भिंत काय, वर्षानुवर्षं रखडेल, कदाचित उठणारच नाही, अशी माझी मी समजूत घातली.

ती दीड वर्षात उठली. दुसऱ्या मजल्याच्या वर आली त्या दिवशी आपण तिघी याच खोलीत होतो. मावशी म्हणाली, "खारीला माहीत असणार." तू माझ्याकडे बघितलंस. मी बरोबर आणलेला टी-स्क्वेअर पुसत होते. पुसतच राहिले.

नंतर जिन्यात तू म्हणालीस, "ताई, तू तरी तिला सांग, मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "तिचा राग उतरू दे, मग सांगते." तुला माझा संशय होता की नुसता माझ्या गप्प बसण्याचा राग होता, हे मला आजही माहीत नाही. महिन्याभरात तू गेलीस. मावशीने तुझं नाव काढणं सोडलं. माझ्या हातचा चहा मात्र ती आठ वर्षं पीत राहिली.

सांगेन तिला. कधी ते लिहीत नाही. तारीख दिली की मला पळवाट सापडते.

ताई


२३ फेब्रुवारी

खारू,

सांगितलं.

आधी मी एक मूर्खपणा केला. कोणी न मागता एक खोली काढायला घेतली, खरं बोलता येईल अशी. तीन कागद खराब केले. पहिल्यात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, तर पोलिसचौकी झाली. दुसऱ्यात खुर्च्या एकाच खिडकीकडे तोंड करून ठेवल्या. तिसऱ्यात इतका उजेड ओतला की खोलीत काही उरलंच नाही. दुसरा कागद मावशीच्या हाती लागला. तिने बोट ठेवून विचारलं, "या रेषा कुठे जातात?" मी बघितलं. मी बिंदू नेमका पडद्यामागे ठेवला होता. डोकं वापरून नाही, हात आपोआप गेला होता.

मग बोर्ड मिटला. सकाळचे दहा वाजले होते. नर्सबाईंना औषधं आणायला पाठवलं. कपाटाचा खालचा खण मी इथे येताना न उपसता एका पेटीत उलटा केला होता. ती पेटी उघडली, तो कागद काढला आणि मावशीच्या मांडीवर पसरला.

"ही कोणती इमारत?" तिने विचारलं.

"समोरची."

मावशी कागद कसा वाचते ते तुला ठाऊक आहे. आधी मजकूर बघत नाही. वरची कड, खालची कड, कोपरे. खाली उजव्या कोपऱ्यात तिला तारीख दिसली. मी प्रत्येक कागदावर घालते तशी. तिने तारखेवर नख ठेवलं आणि वर बघितलं.

"मी घर घेतलं त्याच्या आधीची आहे ही."

"हो."

"हे अक्षर तुझं आहे."

"हो. खारूला माहीत नव्हतं, मावशी. तिने हा कागद कधी बघितलाच नाही. माहीत मला होतं. तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं."

बाहेर समोरच्या इमारतीत कोणीतरी बादली ओढत होतं. तो आवाज थांबेपर्यंत तिने तारखेवरचं नख उचललं नाही. मी तयारी करून ठेवली होती, ती ओरडेल, रडेल, नाहीतर म्हणेल की मला संशय होताच. यातलं काही झालं नाही. तिने कागदाची घडी घातली, नीट, कडेला कड लावून, आणि उशीखाली ठेवली.

"नर्सबाई आल्या की त्यांना इकडे पाठव," म्हणाली. "आणि तू स्वयंपाकघरात जा."

ताई


४ मार्च

खारू,

सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नर्सबाईंच्या हातून जेवायची. संध्याकाळी त्या गेल्या की मी ताट ठेवायचे, ती जेवायची, पण मी खोलीत असेपर्यंत घास उचलायची नाही. वॉकरसाठी हात पुढे केला तर म्हणायची, "नको." एवढा एकच शब्द. एकदा तोल गेला तेव्हाही तिने भिंत धरली, मला नाही.

मी गेले नाही कुठे. जावंसं वाटलं होतं. बॅगेची चेन उघडून बसले होते. पण मी गेले असते तर तिला संध्याकाळी पाणी कोणी दिलं असतं?

सातव्या दिवशी सकाळी मी तिचे केस विंचरत होते. नर्सबाईंचा खाडा होता, त्यामुळे तिचा नाइलाज होता. आरशाकडे बघत म्हणाली, "मला भिंतीचा राग नाही आला."

मी कंगवा थांबवला.

"थांबू नकोस, गुंता आहे. भिंतीचं काय, वाचनालय होतं, बाग होती. पण ती पोर जाताना माझ्या पाया पडायला वाकली आणि मी पाय मागे घेतले. हे तू बघत उभी होतीस. दाराशी उभी होतीस तू."

"हो."

"त्या वेळी तरी बोलायचंस."

मी गुंता सोडवत राहिले.

"चित्र चांगलं होतं," ती म्हणाली. "त्याचाच जास्त राग येतो. वाईट असतं तर मी फसले नसते." मग, "आणि माझंही चुकलं. मूळ प्रत बघितली नाही. ज्या पोरीला टेबलाखाली वाढवलं, तिला समोर बसवून विचारलंसुद्धा नाही. बाहेरचा कागद आणि पेन्सिल आण."

तिने पत्र लिहिलं. दोन तास लागले, बोटं थरथरतात म्हणून. लिहून झाल्यावर ते माझ्यापुढे टाकलं. "चुका बघ. आपलं प्रूफ आपण तपासू नये." म्हणून मला ते वाचावं लागलं. एक उकार सोडला तर चूक नव्हती, आणि तो उकार मी तसाच राहू दिला. सोबत पाठवते आहे.

ताई


(सोबतची चिठ्ठी)

खारूताई,

आठ वर्षं तुझ्याबद्दल चूकीचा मजकूर डोक्यात ठेवला. पडताळून न बघता छापला. माझ्या धंद्यात याला माफी नसते. तुझ्याकडे असली तर बघ. नसली तरी चालेल, पण कळव.

मी बरी आहे. पाय वाकतो. तू कशी राहतेस, काय काम करतेस, जेवतेस का, मला काही माहीत नाही. हे माहीत नसणं मला आवडत नाही.

उत्तर दे. किंवा ये.

मावशी


१३ मार्च

खारू,

तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होते. नर्सबाईंनी फोन मावशीच्या कानाला लावला आणि त्या बाहेर आल्या. मी स्वयंपाकघरात उभी होते. दार लोटलेलं होतं, त्यामुळे शब्द नाही, नुसता मावशीचा आवाज ऐकू येत होता. मग एकदम मोठ्याने म्हणाली, "अगं, मोठ्याने रड की, मला कमी ऐकू येतं." ते मात्र मला ऐकू आलं. पाऊण तास बोललात. तू माझी चौकशी केली नाहीस हे मी विचारून घेतलं. मावशी म्हणाली, "नाही केली. करायला हवी होती का?" मी म्हटलं, नाही.

तू शनिवारी येतेस असं तिने सांगितलं. मी म्हटलं, तेवढे दिवस मी दुसरीकडे राहते, तुला मोकळं वाटेल. त्यावर ती म्हणाली, "पळायचं नाही. एकीने पळून झालंय. तिने तुझं तोंड बघायचं की नाही ते ती ठरवेल, पण तू इथेच राहायचं." तेव्हा मी इथेच असणार आहे. तुला चालणार नसेल तर मावशीला कळव, मला नको. मी तुझा शब्द मोडणार नाही, पण तिचा मोडायची हिंमत आता माझ्यात नाही.

मावशी माझ्याशी कामापुरतं बोलते. नवी खोली मागितलेली नाही. पण काल म्हणाली, "खारीला घर कसं आहे ते कळव. तिने भिंत पुरती झाल्यावर बघितलेलंच नाही. आणि चित्र काढू नकोस. लिहून कळव."

म्हणून लिहिते. कुठे काही फुगवलेलं नाही.

स्टेशनातून बाहेर आलीस की डाव्या हाताला बस मिळते, दवाखान्याच्या थांब्यावर उतरायचं. तिथून सात मिनिटं चालत. इमारतीचा रंग उडाला आहे. तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण दुपारी बहुधा बंद असते. जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत, दुसऱ्या मजल्यावरची तिसरी पायरी उंच आहे, तिथे जपून.

तुझ्यासाठी मागची खोली लावली आहे. नऊ बाय दहा. पलंग अरुंद आहे. कपाटाचं दार पुरतं उघडत नाही, पलंगाला अडतं. खिडकी एक, चांगली मोठी, आणि ती उघडली की समोर भिंत. हात लांब केला तर पोचत नाही, छत्री धरली तर पोचते. भिंतीवर पाण्याचे ओघळ आहेत. आकाश बघायचं असेल तर खिडकीतून अर्धं बाहेर वाकून मान वर करावी लागते, मग पट्टीएवढं दिसतं. सकाळी उजाडलेलं कळत नाही, घड्याळ बघावं लागतं. दिवा पिवळा लावला आहे, पांढरा डोळ्यांना लागतो. वरच्या घरात कोणी नळ सोडला की भिंतीतला पाइप कण्हतो. पहिल्यांदा दचकशील.

मावशी बारीक झाली आहे. तुझ्या मनात आहे तेवढी ती उरलेली नाही. केस पांढरे, अंबाडा आता लिंबाएवढा. कानाशी बोलावं लागतं. मला चष्मा लागला आहे, बाकी तू ओळखशील. तू ज्या खोलीत तिला सोडून गेलीस त्याच खोलीत ती बसलेली असेल, पलंगावर, दाराकडे तोंड करून. परवापासूनच तसं बसायला लागली आहे. नर्सबाई म्हणाल्या, अहो, शनिवारला अजून अवकाश आहे, तर म्हणाली, मला सराव करू द्या.

एक गोष्ट मात्र मला टाळता येत नाही. शनिवारी नर्सबाईंची सुट्टी असते, आणि मावशीला अजून उठून दारापर्यंत यायला वेळ लागतो. बेल वाजली की दार मलाच उघडावं लागेल. तेवढं चालवून घे.

ताई